हिराबाईची चुंबळ

बातमी गेटवरच कळली. हिराबाईच्या जागी तिची सून सुगंधा रिकाम्या हातांनी उभी होती. "आई गेली," एवढंच म्हणाली... आणि माझा हात आपोआप उजव्या मांडीवर गेला. त्याला आता महिना होईल. तुर्भ्याच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर मासळी विकणाऱ्या बाईवर पुरवणीत लेख कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मी जिवंत आहे तो तिच्यामुळे, आणि एक गोष्ट मी तिला शेवटपर्यंत सांगितली नाही.

ती खाडीकाठच्या गावची. आमच्या इमारतींच्या जागी तिच्या सासऱ्याची भातशेती होती, हे ती बोंबील निवडता निवडता सहज सांगायची. आम्ही नवे फ्लॅटवाले, आमची नाकं नाजूक. मी सेक्रेटरी. तिला हटवावी म्हणून वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज मीच लिहिला, घरोघरी फिरून सह्या घेतल्या. 'दुर्गंधी' हा शब्द त्यात तीनदा होता आणि मी भाषेवर खूश होतो.

तो अर्ज शर्टाच्या खिशात घालून भर दुपारी निघालो. समोरच्या बांधकामाला रेती कोण पुरवणार यावरून दोन टोळ्यांत धुसफूस होतीच. त्या दुपारी सळया निघाल्या, चॉपर निघाले. एकाचं डोकं माझ्यासमोर फुटलं. दुसऱ्याला आमच्या गेटवर आपटत होते, आणि मी शहाणा सेक्रेटरीपणा करायला मध्ये पडलो. चॉपर कुणासाठी होता देव जाणे, बसला माझ्या मांडीत. आधी नुसतं गरम वाटलं. मग पाय दुमडला आणि पँटमधून रक्त उसळू लागलं, नळाला पाणी येताना गचके देत येतं तसं. मारणारे पळाले. लोक जमले आणि नुसते उभे राहिले. पोलीस केस आहे, हात लावू नका, असं वॉचमन ओरडत होता. शेजारचे देसाई हळदीचा डबा घेऊन आले. मी तर किती वाहतंय ते बघायला सारखा हात काढत होतो.

हिराबाई टोपली लाथाडून आली. डोक्यावर टोपलीखाली घ्यायची जुन्या लुगड्याची चुंबळ तिनं उलगडली, कोयत्यानं माझी पँट फाडली आणि कापड बोटांनी जखमेत खोल कोंबलं. मी गुरासारखा ओरडलो. तिनं दोन्ही तळवे त्यावर ठेवून सगळं अंग टाकलं. देसाई वाकले तर कोपरानं डबा उडवला. कापड लाल झालं तसं कोणी म्हणालं, बदला. तिनं शिवी हासडली, ते तसंच ठेवून वर पदर कोंबला आणि आणखी जोर लावला. मिठागरात फावडं लागलेल्या बापाला तिनं असंच धरलं होतं. थांबलं का बघायला हात काढला आणि बाप गेला. हे तिनं मला हॉस्पिटलला जाताना टेम्पोत सांगितलं, हातांच्या जोडीला गुडघाही माझ्या मांडीत रोवून. "डोलं उघडं ठेव, दादूस. मी हात काढनार नाय." हॉस्पिटलपर्यंत काढला नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा ती खाटेशी होती. घड्याळ, चष्मा आणि घडी घातलेला अर्ज तिनं उशाशी ठेवला. "कागद कामाचा असंल म्हनून हात धुवून कमरेला खोचला. भिजू दिला नाय." त्यावर रक्ताचा डागसुद्धा नव्हता. मी तो उशीखाली सरकवला. घरी येऊन अर्ज फाडला, तिला नवं लुगडं दिलं, पुढं सात वर्षं घासाघीस न करता मासळी घेतली. खरं मात्र बोललो नाही. लाज, दुसरं काय...

बाराव्याला तिच्या घरी गेलो आणि सुगंधाला सगळं सांगून टाकलं. भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "आईला म्हाईत व्हतं. वॉचमननं मारामारीच्या आदल्या दिशीच सांगितलं व्हतं. आमी बोललो, त्यालाच कशाला वाचवलास? तर बोलली, आधी रगत थांबू दे, मंग भांडू."

भांडायला ती कधी आली नाही. मी त्या भांडणाची वाट बघायला हवी होती, हे मला माहीतच नव्हतं.

परवा सुगंधा गेटवर आली. डोक्यावर सासूचीच चुंबळ होती, मी दिलेल्या त्या लुगड्याची, हे मला तेव्हाच दिसलं. हिराबाईनं ते नेसण्याऐवजी फाडून गुंडाळलं होतं. टोपली उतरवायला मी हात दिला. हातांना मासळीचा वास लागला. संध्याकाळपर्यंत मी ते धुतले नाहीत.