खोडलेलं बरोबर उत्तर

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहून राहिले.

मी सेनगाव तालुक्यात अकरावीला गणित शिकवते. आज सरळ रेषेवर चाचणी घेतली. (1, 2) आणि (3, 8) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा, एवढा साधा प्रश्न.

सगळ्या वर्गाचं उत्तर एकच, y = 3x + 1. साफ चूक! पहिल्या बाकावरच्या हुशार पोराचं चिन्ह चुकलं आणि बाकीच्यांनी डोळे झाकून तेच उतरवलं.

तांड्यावरची एक पोरगी आहे, नाव लिहीत नाही. तिनं आधी y = 3x − 1 लिहिलं होतं, अगदी बरोबर. मग ते खोडून सगळ्यांचं होतं तेच लिहिलं.

तिला बोलावलं. "खोडलंस काहून?"

"सगळ्यांचं येगळं व्हतं, मॅडम."

"अगं, बिंदू समीकरणात ठेवून बघायचे. कुणाला विचारायची गरजच न्हाई!"

"ठेवून पाहिले व्हते. दोन्ही बराबर बसले."

मी चिडलेच. "मग माहीत असून खोडलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "घरी बी मी एकटीच न्हाई म्हणत व्हते. बाकी सगळे व्हय म्हणले. सोमवारी साखरपुडा हाय."

सोळा वर्षांची आहे हो ती.

खोडलेल्या उत्तराला मार्क देत नसतात. मी आज दिले. पण सोमवारचं काय करू, ते सांगा.