शीवच्या किल्ल्यावरचा पिंपळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. ऐका फक्त.

मी चित्रकार. माझ्या प्रदर्शनात शहरात आपोआप उगवणारी झाडं मी मुळांसकट पांढऱ्या कापडावर, काचेआड मांडली होती. बघणारे म्हणाले, किती माया आहे हो तुम्हाला झाडांची! मी मान खाली घालून हसले. काय ते सोंग!

मधोमध लावला होता तो पिंपळ. कुठला? तेच तर सांगायचंय.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, शेजारच्या सुलभाकाकूंच्या खिडकीखाली, भिंतीत तो उगवला होता. काकू आंघोळ झाली की त्याला तांब्याभर पाणी घालायच्या. पिंपळ उपटायचा नसतो म्हणायच्या. त्यांची सून नयना मात्र कुरकुरायची — भिंतीला ओल येते, काढून टाका एकदाचा. चारचौघांत बोललीही होती. बोलली, एवढंच.

काकू लग्नाला गावी गेल्या. भरदुपारी नयना मुलाला घेऊन झोपली होती. मी छिन्नी घेतली आणि विटा खरवडून, एकही मूळ तुटू न देता, अख्खा पिंपळ काढला. काकूंना विचारलं का नाही? नाही म्हणाल्या असत्या म्हणून.

परतल्यावर त्यांनी भिंतीतलं भोक पाहिलं. घरात कोण होतं? नयना. ती शपथा घेत राहिली, रडली. "तुझ्या हातचां पाणी माका नको," काकू म्हणाल्या — आणि खरंच घेईनात. चाळीत सगळं ऐकू येतं. मी दाराला कडी लावून मुळं धूत बसले होते.

प्रदर्शनाला नयना न बोलावता आली. पिंपळासमोर थांबली. मुळांना आमच्या चाळीच्या भिंतीचा हिरवा रंग चिकटला होता. छान दिसतो म्हणून मीच तो ठेवला होता.

"ताई, हा आपलाच ना?"

"नाही गं. शीवच्या किल्ल्यावरचा."

ती बघत राहिली. मग म्हणाली, फोटो काढते, सासूबाईंना दाखवते. मी म्हटलं, इथे फोटोला मनाई आहे. आजूबाजूला लोक मोबाइल वर धरून उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर तिने मला ताई म्हटलेलं नाही. कुणाला काही सांगितलेलंही नाही.

पिंपळ मी उपटला. काकू अजून आपलं पाणी आपणच ओतून घेतात.