आधी माणूस, मग तारे

दुर्बिणीच्या काचेवर आंटी आधी आपला पंजा ठेवत आणि पाहुण्यांना इंग्रजीत दटावत, “आधी माणूस, मग तारे!”

लंडनबाहेरच्या एका लहान गावात एकोणिसाव्या शतकातल्या एका खगोलशास्त्रज्ञाचं घर आहे. दोन हजार पाचच्या सुमारास दर रविवारी मी तिथे तिकिटं देत असे आणि आंटी पाहुण्यांना घर दाखवत. मूळच्या मुंबईच्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यू. सत्तरी ओलांडलेली. मुलं-नातवंडं इंग्रजीच बोलणारी, त्यामुळे मराठी माझ्यापुरती उरलेली. मी त्यांना आंटी म्हणे.

“अगं, माझ्या फ्लास्कमधला चहा घे. कॅफेतलं ते पाणी नको पिऊस.”

शास्त्रज्ञाबद्दल आंटी एखाद्या हट्टी दिराबद्दल बोलावं तसं बोलत. लोहाराचा पोर. दुर्बिणीचे आरसे स्वतः घासले. धूमकेतू त्याला सर्वांआधी दिसला, पण खात्री करत बसला आणि मान दुसऱ्यानेच पटकावला. “एवढा क्लेव्हर, पण मेल्याला वेळेवर एक पत्र टाकवलं नाही!” आंटी मला म्हणत, तेव्हा खरोखरच चिडलेल्या असत.

एकदा घर दाखवताना आंटी धूमकेतूच्या गोष्टीपाशी आल्या आणि चक्क मराठीत बोलू लागल्या. समोर इंग्रज पेन्शनरांचा घोळका. आपली भाषा बदलली याचा आंटींना पत्ताच नव्हता. मॅनेजर शेजारच्या खोलीत होती. मी धावत पुढे झाले आणि त्यांचं एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागले, जणू तसंच ठरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरलाही ती कल्पना फार आवडली.

मग ते दर रविवारचंच झालं. हे काम गेलं असतं तर आंटी घरात नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या असत्या. मला ते सहन झालं नसतं. त्या नकळत मराठीत शिरतात हे मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही.

त्यांच्या शेवटच्या रविवारी त्यांनी शास्त्रज्ञाचं म्हातारपण सांगायला घेतलं. “नजर गेली होती गं त्याची. रात्री भलतेच आकडे लिहायचा. बायको सकाळी गुपचूप दुरुस्त करायची.”

हे घरातल्या एकाही माहितीफलकावर नव्हतं. तरी मी ते इंग्रजीत सांगितलं.

“त्याला सगळं कळत होतं,” आंटी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “हे नको सांगूस त्यांना.”

लोक माझ्या इंग्रजीची वाट पाहत उभे होते.