गाव कोन्तं?

फैजपूरला आबांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान होतं. केळीचं पाणी थांबून चालत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात माझी तिथे फेरी ठरलेली. मोटार खाली ठेवायच्या आत आबा विचारायचे, "गाव कोन्तं?" त्यांच्या गावचा निघाला की चहा यायचा. बाकीचे बाकावर बसायचे, मी बाकावरचा.

दुपारी ते घरी जेवायला जात, तेव्हा दुकान आणि किल्ली त्यांच्या गावच्याच कारागिराकडे असत. एके सकाळी तो समोरच्याच गाळ्यात स्वतःचं दुकान थाटून बसला, आबांची निम्मी गिऱ्हाइकं घेऊन. त्या दिवसापासून किल्ली आबांच्या करदोड्याला आली आणि डबा दुकानाच्या दारात उघडू लागला.

"त्याला काही बोलला नाहीत?" मी एकदा विचारलं.

तांब्याची तार गुंडाळत ते म्हणाले, "तो गिऱ्हाइकं फोडे, हे मले दिसे. दुसऱ्या गावचा असता तं तवाच हाकलला असता. आपल्या गावचा म्हनून मी डोये झाकले. डोये तं माह्येच ना?"

पोळ्याच्या सुमारास पुन्हा गेलो, तर एक नवा कारागीर मोटार उघडून बसला होता. आबांनी करदोड्याची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली आणि चपला घातल्या.

"जेवाले घरी चाललो."

मी हळूच विचारलं, "हा कोणत्या गावचा, आबा?"

"विचारलं नाही अजून," ते म्हणाले, आणि जाता जाता टपरीवर माझ्यासाठी चहा सांगून गेले.