तेलवणाचे केस

आदिलाबादेत चारुलताताईंचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक आरसा आणि केसांच्या स्प्रे-क्रीमच्या बाटल्यांनी खच्चून भरलेली फळी. नवी बाटली आली की बाई ती आधी स्वतःच्या केसांना लावणार, वरून केस सरळ करायचं गरम मशीन फिरवणार, आठवडाभर केसांकडे बघत राहणार आणि मगच गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावणार. नवरा नरसिंगराव महसूल कचेरीत. बायकोच्या डोक्यावर कारखाना उघडलाय, अशी तो थट्टा करायचा. मग त्या दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि नरसिंगरावांची रवानगी झाली निर्मलला. थट्टा करणारं माणूस शनिवारपुरतं घरी यायला लागलं. बाईंना मुळीच करमेना, पण सांगणार कोणाला!

त्याच हिवाळ्यात एका दुपारी तामसी गावाकडच्या वच्छलाबाई लेकीला घेऊन आल्या. लेक रुख्मिणी, संध्याकाळी शहरातच लग्न, नवरा मुलगा निर्मलचा. तिला केस हवे होते सरळसोट, होणाऱ्या नणंदेसारखे. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही. बाईंनी केस हातात घेतले तर बोटं तेलानं माखली. सकाळीच तेलवण झालं होतं, सवाष्णींनी नवरीच्या डोक्यावर तेल घातलं होतं.

केस धुवून मशीनच्या तापापासून राखणारा स्प्रे मारावा लागेल, बाई म्हणाल्या. वच्छलाबाईंनी साफ नकार दिला. तेलवणाचं तेल अक्षता पडेपर्यंत उतरवत नाहीत, आणि तेल तर केसांना राखतंच, मग ती वासाची बाटली काऊन पाह्यजे? रुख्मिणी रडकुंडीला आली. तेलकट केसांना मशीन लावलं तर ते करपणार, आणि करपलेले केस घेऊन नवरी बोहल्यावर उभी राहिली तर पार्लरला कुलूपच लावायचं.

वाद घालणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्वतःची एक बट तेलात भिजवली आणि मशीनमध्ये धरली. चर्र झालं, धूर निघाला, बट हातात तुटून आली. शेजारच्या कोरड्या बटेला स्प्रे मारला, मशीन बेतानं तापवलं, ती मऊसूत सरळ झाली. वच्छलाबाईंनी दोन्ही बटा चाचपल्या. मग म्हणाल्या, धुवू, पण तेल घातलं त्यात मी होते, उतरवीन मीच.

आणि धुतले की त्यांनी! लहानपणी धूत असतील तसे, कानामागं बोट फिरवून, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून कपाळावर तळवा धरून. मुहूर्त जवळ येत होता, तरी बाईंनी घाई केली नाही.

रुख्मिणीचे केस दाट आणि राठ, पातळ स्प्रे पुरला नसता. बाईंनी फळीवरून घट्ट क्रीम काढलं, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत जरासंच चोळलं, केस पूर्ण वाळवले आणि एकेका बटेवरून मशीन एकदाच फिरवलं. धूर नाही की वास नाही. पोरगी आरशासमोरून हलेना.

वच्छलाबाईंनी ती क्रीमची बाटली उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"ताई, हे हिच्यासंगं देऊन द्या. निर्मल आता दुसरा जिल्हा झाला म्हन्तात. तिथं हिचे केस कोन सांभाळीन?"

रुख्मिणीनं आरशाकडे पाठ केली आणि आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.