मावशींच्या बोअरचं पाणी

लातूरला पाणी तपासायच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा भूकंपाला सहा-सात वर्षं झाली होती. मी नांदेडची, घर गोदावरीपासून पायी दहा मिनिटांवर. माझ्याबरोबर रसायनशास्त्र शिकलेल्या मैत्रिणी क्लासमध्ये शिकवायला लागल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन-दोनशे पोरं बसायची. माझ्यासमोर बाटल्या. प्रयोगशाळेत मी आणि एक साहेब, आणि साहेब निम्मा महिना बैठकांना. कधी कधी दिवसातला पहिला शब्द संध्याकाळी भाजीवालीशीच बोलला जायचा.

क्लासच्याच भागात मी गच्चीवरची खोली घेतली होती. खाली घरमालकीण बारा मुलींना जेवणासकट ठेवून घ्यायची. ती किल्लारीकडची. भूकंपाच्या वेळी ती माहेरी होती म्हणून वाचली. नवरा आणि दहावीतली मुलगी घराखाली गेली. मुली तिला मावशी म्हणायच्या, म्हणून मीही. ती मात्र मला मॅडमच म्हणायची.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी. म्हणून मावशींनी मागच्या अंगणात बोअर घेतलं होतं. पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नसे, तुरीची डाळ रात्रभर भिजवली तरी शिट्ट्या मोजाव्या लागत. पण मावशींना त्याचा फार अभिमान. "दुष्काळातबी आटलं न्हाई," म्हणायच्या.

संध्याकाळी मी मुलींच्या पंगतीत जेवायला बसत असे. कुणी मला वही दाखवून गणित विचारी, कुणी नुसतीच घरची आठवण काढी. तो अर्धा तास सोडला तर मी त्या शहरात कुणाचीच नव्हते.

जानेवारीत एका मुलीचे डोळे पिवळे झाले. मग दुसरीचे, मग तिसरीचे. तिघींनाही घरचे येऊन घेऊन गेले. मावशींनी कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला शिव्या दिल्या. अख्ख्या शहराचं पाणी तपासायचा पगार घेणारी मी, ज्या घरात जेवत होते तिथलं पाणी तपासायला आठवडा लावला. न्हाणीघरामागचं शौचाचं टाकं बोअरपासून जेमतेम आठ पावलांवर होतं, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

शेवटी एका सकाळी मी बोअरचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. त्या बाटलीत कागदाची एक पट्टी असते. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर दोन दिवसांत पाणी काळं पडतं. माझी बाटली दुसऱ्याच दिवशी शाईसारखी काळी झाली. मैला मुरत असल्याची खूण असलेलं नायट्रेटही भरपूर निघालं.

दुपारी मुली क्लासला गेल्यावर मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. मावशी कणीक मळत होत्या.

"मावशी, हे आपल्या बोअरचं पाणी आहे. यात टाक्यातली घाण उतरतेय."

त्यांनी बाटलीकडे पाहिलंच नाही. माठातून तांब्या भरून माझ्यासमोर धरला. "बघा की. काचेवानी हाय."

"दिसतं स्वच्छ. पण पिऊ नका. मुलींना देऊ नका."

त्यांनी तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला. मग खाली बसून म्हणाल्या, "तुमाला कवापासून ठाव हाय?"

मी खोटं बोलू शकले नाही. "शंका होती. आधीपासून."

"मंग पोरी पिवळ्या पडंपातुर काय करीत हुतात?"



त्याच संध्याकाळी मावशींनी बोअरच्या मोटारीची वायर स्वतःच्या हाताने काढली आणि कोपऱ्यावरच्या फोनवरून एकेका मुलीच्या घरी कळवलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. चार दिवसांत उरलेल्या नऊही मुली ट्रंका-गाद्या घेऊन गेल्या. घर इतकं शांत झालं की खाली भांडं ठेवल्याचा आवाज मला गच्चीवर ऐकू येई. जेवायला मला कुणी हाक मारली नाही, आणि आपण होऊन जायची माझी छाती झाली नाही. दोन बायका, एक खाली, एक वर, दोन स्टोव्हांवर दोन माणसांची खिचडी शिजवत तो उन्हाळा राहिल्या.

मे महिन्यात त्यांनी टाकं पार रस्त्याच्या बाजूला हलवून घेतलं, बोअर बंद केलं आणि नळाच्या पाण्यासाठी मोठा हौद बांधला. जूनच्या एका सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाणी तपासून घ्यायला आलेल्या इतरांसारख्या बाटली हातात घेऊन बाकावर बसल्या. घरी एका जिन्याचं अंतर, पण पाणी वर माझ्या खोलीत आणून दिलं नाही. मी क्लोरीन पाहिलं, दोन दिवस बाटली ठेवली. पाणी पिण्याजोगं होतं. तपासणीचा कागद न्यायला त्या पुन्हा आल्या.

"सही करा मॅडम," म्हणाल्या. "पोरींच्या बापांना दावायचाय."

मी सही केली. मला म्हणायचं होतं, मावशी, माझं चुकलं. पण रांगेत माणसं होती आणि त्यांनी कागदाची घडी घातलीसुद्धा. जुलैत खाली पुन्हा मुली आल्या. मी दिवाळीपर्यंत त्या खोलीत राहिले, मग नांदेडला बदली मागून घेतली.