मानाचा जिताडा

रिपोर्ट सरांच्या सहीला गेला आणि लॅबच्या दारात मासे विकणारी हिराबाई बर्फाचा डबा घेऊन उभी राहिली. उरणच्या बाजूला तिच्या गावाचं तळं आहे. त्यातल्या माशांची तब्येत आणि त्यांच्यातला पारा आम्ही तपासत होतो.

"मॅडम, जिताडा हाय. तुमाला आनला."

"मला घेता येत नाही हो, नियम आहे."

"घ्या वो. मोठा आमी इकत नाय. सायबाला देतो, नायतर घरातल्या पोटुशीला. आता माजी सून हाय ना."

माझा थकवा एकदम वाढला. आमची सगळी सॅम्पल्स तिच्या विक्रीच्या पाटीतली होती, म्हणजे बोयटं, छोटे मासे. त्यांचे कल्ले लालभडक, लिव्हर छान, पारा मर्यादेत. मोठा जिताडा आमच्यापर्यंत आलाच नव्हता, कारण तो विकायचा नसतो, मानाचा असतो. आणि जिताडा जन्मभर छोटे मासे खातो. त्या सगळ्यांचा पारा त्याच्या मांसात साठत जातो. धुवा, तळा, जात नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो.

जिताडा ठेवून घेतला आणि मशिनवर लावला. पारा मर्यादेच्या बराच वर.

सर म्हणाले, "हे गिफ्ट आहे, सॅम्पल नाही. कुणी पकडला, कुठे ठेवला, काही रेकॉर्ड आहे?"

त्यांचं बरोबर होतं. या नोकरीत बरोबर बोलणाऱ्यांनीच मला जास्त दमवलंय.

"सर, दिवाळीत तुमच्या घरी आलेला जिताडा याच तळ्यातला."

सरांनी सहीचं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "रिपोर्ट थांबवा. उद्याच परत सॅम्पलिंग लावा."

मी उद्याची वाट पाहिली नाही. लगेच हिराबाईला फोन केला. "सूनबाईला मोठा जिताडा देऊ नका. बोयटं चालतील. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला."

ती म्हणाली, "कालच दिला वो. कवतिकानं भरवत व्हतो तिला." मला रडू आलं.

दुसऱ्या खेपेलाही मोठे जिताडे तसेच निघाले. रिपोर्ट बदलला, मोठा जिताडा खाऊ नये असा तळ्यावर बोर्ड लागला. सुनेला मुलगी झाली. ठणठणीत आहे म्हणतात, पण ती नीट बोलायला लागेपर्यंत माझी धास्ती जाणार नाही.

आता कुठेही सॅम्पलिंगला गेले की आधी विचारते, मोठा मासा कुणाला देता? आणि आमच्या ऑफिसात हल्ली कुणी भेट म्हणून मासा घेत नाही. इतकी वर्षं नियम सांगून जे जमलं नव्हतं, ते पाऱ्यानं केलं.